ते बघू की

रविवारी सव्वानऊला यमूचा फोन.
"काय करूलास रे?"
बेळगाव इतक्या जोरात बोलतं
की मी फोन कानापासून चार बोटं लांब धरतो.

मग बातम्या, तिच्या क्रमानं:
सदूभाऊंचा मोतीबिंदू काढला,
आता त्यांना वहिनीच्या सुरकुत्या दिसतात
आणि ते बोलूनही दाखवतात.
शहापुरातली गिरण विकली.
धाकटी धारवाडला लागली, कन्नड शिकतेय,
पाट्या मोठ्यानं वाचत बाजारभर फिरते.
आई बरी. म्हणजे नावं विसरते,
उसने दिलेले पैसे विसरत नाही.

मी माझ्या सांगितल्या:
बिल्डिंग पडणार पडणार म्हणत सात वर्षं उभी आहे,
केतकीनं पनवेलला भाड्यानं घर घेतलं,
कोपऱ्यावरचा कॉफी दळणारा अय्यर
दुकान बंद करून मुलाकडे गेला.
माझी साखर, दोनशे दहा.
"गोड बातमी म्हणून हीच का?" ती हसली.

मग म्हणाली, "येतो मी तेरा तारखेला."
(तिकडच्या बायकांसारखी ती अजून 'येतो'च म्हणते.)
रात्रीची स्लीपर, खालची सीट,
पहाटे पाचला मैत्री पार्क.
"कुंदा आणतो. तू नुसता वास घे."

आणि त्याच श्वासात,
संकेश्वरी मिरची किती हवी
याच्या आधी की नंतर, आठवत नाही:
"तिथनं परळला रिक्षा जाते काय रे?"

मी म्हणालो, रिक्षा सायनपर्यंतच.
पुढं टॅक्सी करावी लागते.
पन्नास वर्षं राहून या शहराबद्दल
मला तेवढंच सांगता आलं.

"बरं. आणि मिरची?"
"अर्धा किलो पुरे. परतीचं कधीचं काढलंस?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
दुसरी झाली.
तिसरीलाही ती उठली नाही.
"ते बघू की."

आतल्या खोलीतल्या कॉटवरून मी
इस्त्रीचे कपडे, बंद मिक्सर, दिवाळी अंकांचा गठ्ठा हलवला.
तिला भिंतीकडची बाजू चालत नाही,
सुट्टीत ती मलाच भिंतीकडे ढकलायची.
कॉट खिडकीपर्यंत ओढली.
फरशीवर एक लांब ओरखडा उठला.

मग टॅक्सीवाल्या दुबेला फोन.
चौदाची पहाट, मैत्री पार्क.
नंतर रोज सकाळी परळ, थांबून परत.
भाव आधी ठरवू, म्हटलं.
त्यानं विचारलं, किती दिवस?

ते बघू की, म्हणालो.