वायसर

नळ गळतो, तेव्हा आधी आपण ऐकतच नाही.
मग कधीतरी रात्री दोनला ऐकू येतं : टप्.
आणि पुढच्या टप्पर्यंत
झोप दारात उभी राहते.

मी सायकलची ट्यूब कापून बांधली.
वर सुतळी. तिच्यावर एमसील, कणकेसारखं मळून.
तीन दिवस नळ गप्प.
चौथ्या दिवशी सुतळीच्या टोकावरून,
अगदी सवडीनं : टप्.

प्रमिला म्हणाली, "कोडाप्याच्या दिवाकरले फोन करा ना जी."
म्हटलं, दोन रुपयाच्या वायसरसाठी
पाटणबोरीहून पेट्रोल जाळत येईल का तो?

आला. नळाकडे पाहिलंही नाही.
मोरीच्या भिंतीला तळहात लावला,
गाडीतल्या कापसात हात खुपसून
व्यापारी ओल जोखतो तसा.
"गयते ते दिसते, काका.
ते तुमीच करा, कॉक बंद करून.
हे पोपडे कवापासून?"

पोळ्यापासून.
मीच तिथं कॅलेंडर टांगलं होतं.

छिन्नीनं भिंत उघडली.
आत पाइप, क्षारानं पांढरा,
सांध्याशी केसाएवढी चीर.
आमचं पाणीच तसं,
चहाच्या गंजातही थर धरतं.

संध्याकाळी सिमेंट लिंपून निघाला.
पैसे घेतले भिंतीचे.
वायसर तसाच ठेवला माझ्या हातावर.

तो अजून सदऱ्याच्या खिशात आहे.
दोनदा धुऊन निघाला.
रात्री टप् होतं.
प्रमिला काही बोलत नाही,
उठून बादली सरकवते.