घट

पैकुजी नन्नावरे दिवेलागणीला यायचा, शेवटचं गिऱ्हाईक उठलं की.
धोतराच्या सोग्यात अकरा पितळी पुंगळ्या,
तीनतीनदा भरून झालेल्या, तोंडाशी काळवंडलेल्या.
बाबा म्हणायचे, दार लाव.
ते वाऱ्यासाठी. पोलिसांसाठी नव्हे,
परवाना होता, पिकाच्या राखणीचा,
चौकट करून भिंतीला टांगलेला, मारुतीच्या शेजारी.

सोनं तोलायचा काटा.
एका पारड्यात गुंजा, मी नाल्याकाठच्या वेलीवरून वेचलेल्या,
शंभरातून बाबांनी नऊच ठेवल्या होत्या,
बाकीच्या मला खेळायला.
दुसऱ्या पारड्यात दारू. करडी, राईहून बारीक.
सोन्यासारखी गप्प बसत नसे ती,
माझ्या श्वासानंही सरकायची.
"श्वास धर," बाबा म्हणायचे. मी धरायची.
पैकुजीही धरायचा.
घरात तिघंजण पाण्याखाली.

रायफल फार हलकी होती,
रिटायर रेंजरच्या बायकोनं विकलेली.
खांद्यावर शेवग्याची फांदी घेतल्यागत वाटायचं,
पण लाथ म्हशीची.
"हलक्या मानसाले राग जास्त रायते,"
पैकुजी म्हणायचा, आणि खांद्यावरचा निळा डाग दाखवून
स्वतःच हसायचा.

आधी त्याला वाटलं, जास्त भरावी.
आमच्या सावरटोल्यात सगळ्यांनाच तसं वाटतं,
रश्श्यात तिखट, वरातीत बँड.
तलावाच्या पाळीला विडीच्या खोक्याचा पुठ्ठा टेकवला,
मधोमध कोळशाचं एक बोट.
शंभर पावलांवर कोंड्याचं पोतं, पोत्यावर नळी.
एक भोक पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात, एक पाळीत,
तिसरं कुठं गेलं ते पाळीलाच माहीत.

मग अर्धी गुंज कमी.
मग पाव. पण गुंजेचा पाव करायचा कसा?
बाबांनी लुचईचा दाणा घेतला,
तोही जड निघाला, तेव्हा दातानं तोडला.
वहीत लिहिलं: दीड दाणा वजा.
दागिन्यांचीच वही ती.
वर कुणाच्या तरी सुनेची गरसोळी,
खाली नन्नावरे, दारू.

दिवाळीनंतरचा एक बुधवार, मीही गेले होते.
तीन आवाज,
दर आवाजानंतर नळी निवेपर्यंत बसून राहणं,
बगळे परत येऊन बसायचे, पुन्हा उडायचे.
पैकुजी चालत गेला आणि पुठ्ठ्यासमोर उकिडवा बसला.
उठेचना.
आम्ही धावलो.
तीन भोकं, एकमेकांना शिवणारी,
बाबांनी कनवटीचा रुपया वर ठेवला,
तिन्ही झाकली गेली.
तो काही बोलला नाही.
पुठ्ठा दुपट्ट्यात गुंडाळला
आणि घर येईस्तोवर त्यावरचा हात काढला नाही.

पौषात, धानाचे पुंजणे खळ्यावर असताना,
एक डुक्कर. एकच बार.
वाटे पडले, टोल्यावर धूर झाला.
बाबांनी वाटा घेतला नाही.
त्यांनी गोळी मागितली.

पैकुजीनं पळसाच्या पानावर आणून दिली,
सात्यासारखी छत्री झालेली.
बाबांनी धुतली, पुसली, पारड्यात टाकली.
मी श्वास धरला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.
सोनं गाळून झाल्यावर लिहितात तेच त्यांनी लिहिलं:
घट, चार गुंजा.

"हाडात गेलं असंन," पैकुजी म्हणाला.
मग बराच वेळ वहीकडं बघत राहिला.
वाचता येत नव्हतं त्याला,
पण घट गिऱ्हाइकाच्या नावावर पडते हे ठाऊक होतं.
"हे कोनाच्या नावानं मांडता, सोनार?"

बाबांनी दौतीचं झाकण लावलं.

वही माझ्याकडं आहे.
गरसोळीचे पैसे फिटले, तशी आडवी रेघ आहे.
खालचा रकाना मोकळा.