तारण

शिरोड्याच्या शाखेत पंखा एकच, तोही मॅनेजरकडे वळलेला.
मिनेझिशबाबांनी कागद सरकवला, बोट ठेवलं: इथे, बाय.
वर उपेंद्रची सही होतीच, लांब शेपटी काढलेली.
रेशनकार्डावर पाहिली, स्कूटरच्या कागदांवर पाहिली,
बावीस वर्षांत तिच्याखाली रिकामी जागा असते
हे कधी दिसलं नव्हतं.

'माझी कशाला?'
'अर्धं घर तुमचं ना,' ते म्हणाले,
चहात बिस्कीट बुडवावं इतक्या सहज.
'गोव्याचा कायदा. लग्न झालं तेव्हापासून.'

अर्धं. पण कुठलं अर्धं?
बिस्किटाचा तुकडा कपात पडला, ते चमच्यानं शोधू लागले,
तोवर मी ओसरीपासून न्हाणीपर्यंत
खडूची रेघ ओढत गेले.
शिवणयंत्राच्या पायावरून गेली,
सासऱ्यांच्या खाटेला वळसा घातला तिनं,
आणि माळ्यावर वाळवी लागलेल्या वाशांपाशी थांबली.
वासे अर्धे माझे. वाळवीही असावी.

चार लाख. लोखंडी सांगाडा, कौलं जुनीच.
घर तारण ठेवलं तर दहा टक्के, पंधरा वर्षं,
हप्ता त्रेचाळीसशे. 'कळणारही नाही तुम्हाला.'
विनातारण, पगाराच्या चिठ्ठीवर, साडेचौदा टक्के,
पाच वर्षं, चौऱ्याण्णवशे.
उपेंद्र माझ्याकडे बघून हसला. सांगितलं नव्हतं?

फेरीबोटीवरच्या माणसाची बायको मी.
तारण म्हटलं की मला कठड्याला टांगलेलं
लाल-पांढरं कडं दिसतं, बुडत्याकडे फेकायचं.
इथे उलटं, आपणच आपलं कडं
काउंटरवर ठेवायचं आणि मग पाण्यात उतरायचं.
आणि विनातारण म्हणजे?
कुणी काढायला येणार नाही, असं?
की कुणाला काही नेता येणार नाही, असं?

विचारलं मी. मिनेझिशबाबांनी चमचा खाली ठेवला.
'नेणार नाही. सोडणारही नाही.
पत्र येतं, मग वकिलाचं पत्र, मग कोर्ट.
पुढे कुठलीच बँक दारात उभी करत नाही.'
'आणि घर ठेवलं तर?'
'तर पत्रं कमी येतात,' ते म्हणाले. 'मग कुलूप.'

आम्ही सहाजणी शाळांना पावभाजी पुरवतो,
बिलं कधी तीन महिन्यांनी, कधी पाच.
उधारीला किती पाय असतात ते ठाऊक आहे मला.
पैसे भरायच्या स्लिपची मागची बाजू घेतली.
त्रेचाळीसशे गुणिले एकशे ऐंशी.
चौऱ्याण्णवशे गुणिले साठ.
स्वस्तातलं कर्ज पावणेआठ लाखांना पडत होतं,
महागातलं साडेपाचच्या जरा वर.
उपेंद्रनं मोबाइलवर करून पाहिलं.
परत एकदा केलं.

पण चौऱ्याण्णवशे आणायचे कुठून, महिन्याच्या महिन्याला?
हिशेब बरोबर आला म्हणून डबा भरत नाही.
सही न करताच उठले. मिनेझिशबाब काही बोलले नाहीत,
पंखा मात्र माझ्याकडे वळवला, निघताना.

संध्याकाळी बॅटरी घेऊन माळ्यावर चढले,
वरवंट्यानं एकेक वासा ठोकत.
न्हाणीकडचे पोकळ, हाताला भुसा.
ओसरीवरचे खणखणीत.
म्हणजे रेघ इथून जात होती तर.

दुसऱ्या दिवशी दोन लाख मागितले,
मागच्या छपरापुरते, विनातारण,
पाच वर्षं, सत्तेचाळीसशे.
घराचे कागद पिशवीतून बाहेर काढलेच नाहीत.
मी सही केली. शेपटी नाही माझ्या सहीला.

फेरीच्या धक्क्यापाशी उपेंद्रनं विचारलं,
'आणि पुढच्या अर्ध्याचं काय?'
'वाजतंय अजून,' म्हटलं.
'वाजायचं थांबलं की बघू.'