पाणी मारणारा

तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडं
चार सुपं पाठीला पाठ लावून उभी केल्यासारखं ते चर्च.
मनोरा नाही, घुमट नाही.
कॅम्पातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या होत्या,
ही इगर्ज, का निपाणीचं तंबाखू गोदाम?

सूप हा शब्द भरमा सुताराचा.
मुंबईच्या आर्किटेक्टनं नकाशा पसरला
तेव्हा त्यानं विडी विझवली:
फळी वाकवायची न्हाई
आणि छप्पर वाकायला पायजे,
हे कसलं बे काम?

मग दोऱ्या ताणल्या. दोरी सरळच असते.
एक टोक खाली, एक वर,
शेजारची जरा कमी,
तिच्या शेजारची आणखी जरा,
आणि सरळ दोऱ्यांतनं
हवेला पोट आलं.
फादर इनासनी टोपी काढली.
भरमा नुसता खाकरला.

फळ्या आंब्याच्या. त्यांच्यावर पटाशीनं कोरलेले नंबर,
भरमाचे मराठी,
बैलहोंगलच्या रुद्राप्पा बडिगेरचे कानडी.
बाहेर भिंतींवर तेव्हा
डांबरानं काय काय लिहीत होते.
आत हे दोघं भांडायचे ते लेव्हलीवरनं.

स्लॅब एका दमात: दिवस, रात्र, परत दुपार.
पेट्रोमॅक्सखाली घमेली हातोहात,
बाळव्वाचं पोर वाळूच्या ढिगावर झोपलेलं.
मी नऊ वर्षांचा. पाणी मारायला.
एकवीस दिवस, पोत्यांवर, उन्हं चढायच्या आत.
सिमेंटला तहान लागते, रुद्राप्पा म्हणायचा,
पाज. मग दगड होतं.

काल कमिटीनं बोलावलं. गळतंय.
सेक्रेटरी म्हणाले, खालनं पीओपी मारून टाकू?
शिडी लावली. फटीतल्या काचेचा निळा उजेड
माझ्या हातावर, टॉर्चवर.
आंब्याच्या गाठी, शिरा, सगळं सिमेंटात जसंच्या तसं.
आणि नंबर. उठून आलेले, पण उलटे.
भरमाचा सात, रुद्राप्पाचा चार,
कुठला कुणाचा, लगेच कळेना.
बोटानं चाचपले.

खालनं पास्कू ओरडला,
काय बघुलायस रे एवढं?
गळती कुठाय ते, म्हटलं.
खोटं. गळती कधीच सापडली होती,
कोपऱ्यात, हातभर, सळई गंजलेली.

पीओपी नको म्हणून सांगितलं.
दर दिला, मग स्वतःच कमी केला.
एकवीस दिवस पाणी पाजलंय मी त्याला.
आता पैसे घेऊन
पाणी तोडायचं.