दुसरी बाजू

हॅलिफॅक्सच्या बंद लोकरगिरणीत
नऊ रात्रींत रेकॉर्ड केला आम्ही तो अल्बम.
हीटर एकच, तोही विनिफ्रेडच्या बोटांसाठी.
ती गारठली की बेसच्या तारा ओळख देत नसत.

लंडनच्या साप्ताहिकाने दीड ओळ लिहिली:
"फ्रिजचं दार उघडं टाकून
त्याच्यासमोर उभं राहिल्यासारखं."
लेस्टरने ड्रमची काठी भिंतीवर मोडली.
मला वाटलं, माणसाने नीट ऐकलंय.

हजार प्रती काढल्या. खपल्या दोनशे अकरा,
त्यातल्या सहा विनिफ्रेडच्या आईने घेतल्या,
दर वेळी वेगळं दुकान, डोक्याला वेगळा रुमाल.
उरलेल्या खोक्यांवर माझी गादी आहे अजून.

परवा ब्रिगहाउसला बॉयलर बघायला गेलो.
वरच्या खोलीत त्या घरची पोरगी
तोच लावून बसलेली.
दुसरी बाजू, तिसरं गाणं,
जिथे लेस्टरचा अर्धा ठोका निसटतो
आणि आम्ही तसाच ठेवला,
कारण टेपही संपली होती, पैसेही.

मी जिन्यात थबकलेला पाहून म्हणाली,
"इथे तो मुद्दाम थांबतो. कळलं?"

मी पाना पुसला.
"कळलं," म्हटलं.
"तुमचा वॉल्व्ह गेलाय."