सत्तावीस तारखेला काही झालं नाही

भूमितीच्या वहीचं शेवटचं पान.
काटकोन त्रिकोणाखाली, पेन दाबून दाबून:
सत्तावीसला दाखवतो. एकालाबी सोडत नसतो.
खाली पाच नावं. पाचवं
कागद फाटेस्तोवर गिरवलेलं.

लाल पेन हातातच राहिला.
चूक की बरोबर, अशी खूण करायची
ती ओळ नव्हती.

नववी ब. दत्तराम.
पहाटे बापासोबत हळदीच्या ढोलावर जातो,
वसमतच्या मोंढ्यामागं, आणि तिथून थेट शाळेत.
नखं पिवळी, कॉलर पिवळी.
दारातून आत आला की मागच्या बाकावरून
रोज एकच: "आला रं आला, नवरदेव आला!"

सत्तावीस फेब्रुवारी. मराठी दिनाचा कार्यक्रम.
आठशे लेकरं मैदानावर, एका मांडवाखाली.

आम्ही चौघं प्रयोगशाळेत बसलो, दार लोटून.
बोखारे मॅडम, मी, शिपाई चतुराबाई,
आणि साध्या कपड्यात बोलावलेले गफार जमादार.
संस्थेचे सचिव फोनवर: "दाखला द्या हातात, ब्याद जाऊ द्या."
मॅडम म्हणाल्या, "दाखल्यानं पोरगं गावातून जात नाही साहेब,
आपल्या नजरेतून जातं."

मग एक कोरा ताव.
राग कुणावर, कधीपासून.
घरी हाताशी काय आहे.
नुसतं बोलला, की जागा बघून ठेवली.
मॅडमनी ताव उलटा केला, मागं लिहिलं:
त्याचं कोण आहे?

आम्ही शिकलेले तिघं गप्प.
चतुराबाई म्हणाल्या,
"महिना झाला, लेकरू हौदामागं एकलंच डबा खाऊलालंय.
मला वाटलं, तुमाला ठाव असंल."

घरी गेलो. त्याची माय म्हणाली,
"दोन दिस झाले, कोयता घासूलालाय.
म्हटलं, कामाचं वळण लागलं पोराला."
जमादारांनी चहाचा कप खाली ठेवला,
अगदी हळू.

पी हळद अन् हो गोरी, असलं काही नव्हतं आमच्याकडं.
कोयता त्याच रात्री मामाकडं कुरुंद्याला गेला.
चार घरी मॅडम स्वतः गेल्या. पोरांना रागावल्या नाहीत,
ढोलावर नेऊन तासभर उभं केलं फक्त,
त्या धुरळ्यात, त्या आवाजात.
नांदेडच्या डॉक्टरीणबाई शनिवारी यायच्या ठरल्या.
बापाशी कोण बोलणार, शाळा सुटल्यावर सोबत कोण चालणार,
सगळ्यापुढं एकेक नाव.

आणि पाचवं घर माझं होतं.
हे बैठकीत सांगायला मला दोन चहा लागले.
एकदा हसलो होतो मी,
खडू शोधायचं निमित्त करून, फळ्याकडं तोंड करून.
पाठीचं हसू दिसतं लेकराला.

डबा घेऊन हौदामागं गेलो. तो उठून गेला.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ठेचा हाय का?"
मी म्हणालो, "मी हसलो होतो."
"म्हाईत हाय."
मग बराच वेळ नळ टिपकत राहिला.
"ते लिव्हलेलं," तो म्हणाला, "मी खरंच केलं असतं का, सर?"
मला उत्तर आलं नाही. त्यालाही.

सत्तावीसला माईक दोनदा किंचाळला.
जमादार पालकांत बसले, पांढरा सदरा घालून.
चतुराबाई फाटकाशी, येणाऱ्याच्या पिशवीवर हात ठेवून विचारत:
काय आणलंस रं?
दत्तराम खुर्च्या लावत होता, पाचातल्याच एकासोबत,
न बोलता.

पेपरात आलं: मराठी दिन उत्साहात.
जे घडलं नाही त्याची बातमी कोण देणार,
आणि ते घडलंच असतं, हे तरी कोण सांगणार.
ताव कपाटात आहे. सोमवारी पुन्हा बसायचं आहे.

परवा वही आली, शेवटचं पान नसलेली.
प्रमेय अर्ध्यात सोडलेलं,
समासात पिवळा अंगठा.
मी लाल पेन खाली ठेवला, शिसपेन्सिलीनं लिहिलं:
इथपर्यंत आलास. पुढचं उद्या, डबा खाताना.