मीटरचं सील

कंपनीच्या बोटीतून
कंपनीची तपासणी करायला निघालो.
खात्याची बोट दोन वर्षं सापेलेच्या धक्क्यावर
उलटी पडलीय, तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात.
डिझेल कंपनीचं, लाइफ जॅकेट कंपनीचं,
डब्यातला भात आणि मासाही.
पेन तेवढं सरकारी.

नावाडी एबिकेमे विचारतो, यंदा विझणार का, साहेब?
मी म्हणतो, मुदत ठरलीय.
तो पाण्यात थुंकतो.
मुदत म्हणजे या खाडीतला ओंडका,
भरतीला येतो, काठाला टेकतो,
ओहोटीला पुन्हा वाहत जातो.

कायदा माझ्या जन्माआधीचा :
वायू जाळू नये.
त्याखाली बारीक टाइपात :
मंत्रिमहोदयांची परवानगी असल्यास जाळावा.
आणखी खाली, जिथे झेरॉक्स नेहमी पुसट येते :
परवानगी नसल्यास दंड भरावा.
हजार घनफुटांचा दंड
म्हणजे सापेलेच्या स्टँडवर दोन उकडलेली अंडी.
नैरा घसरला की दीड.
पाइप टाकायचा तर डोंगराएवढा खर्च.
आग स्वस्त पडते, एवढं गणित
एबिकेमेच्या धाकटीलाही येतं.

ओकुरेके गावाला तिन्हीसांज नाही.
सूर्य जातो, आणि नळीच्या टोकावरचा
गुरगुरत असतोच.
माणसांना दोन-दोन सावल्या,
कोंबडे कधीचे आरवायचे सोडून बसलेत,
पत्र्यांची चाळण झालीय.
दिवेलागण म्हणजे काय, इथे कुणाला विचारू?

आक्पेव्वे बांधावर कसाव्याचा चुरा पसरते,
ज्वालेपासून बरोबर बावीस पावलांवर.
एकवीसवर करपतो, तेविसावर आंबतो.
सरपण लागत नाही, म्हणते,
सरकारची एवढीच कृपा.
तिची उजवी बाजू डावीपेक्षा काळी आहे.

मीटरचं सील शाबूत होतं.
अगदी नवंकोरं.
फक्त मागच्या खेपेला मी लावलेलं निळं होतं,
हे हिरवं.
इंजिनिअरने कागद पुढे केला.
दुरुस्ती झाली. शिक्का माझ्याच कार्यालयाचा.

अकरा वर्षांत पहिल्यांदा म्हणालो,
बंद करा. मीटर पुन्हा जुळवायचंय. नियम चौदा.
कुठून आला नियम चौदा माझ्या तोंडात,
मलाही कळलं नाही. पण तो आहे पुस्तकात.
फोन झाले. वरून खाली, खालून वर.
सात वाजता त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला.

आधी आवाज गेला.
कुणीतरी खोकलं, ते सगळ्या गावाला ऐकू आलं.
मग अंधार आला,
कुठे बसावं ते माहीत नसलेल्या पाहुण्यासारखा.
एक पोरगं किंचाळलं, त्याला वाटलं डोळे गेले.
बायका घरातच घर चाचपत होत्या.
म्हातारा ओमोतेजोह्वो ओट्यावर येऊन
मान वर करून उभा राहिला,
एका ताऱ्याचं नाव सांगू लागला,
अडला,
आत जाऊन झोपला.

टॉर्चच्या उजेडात आक्पेव्वे माझ्यापर्यंत आली.
काम झालं असेल तुझं
तर लाव की परत.
माल ओला राहिलाय. उद्या बाजार.

मी नियम सांगितला असता.
तोंड उघडलंही होतं.

नमुन्यात रकाने असे :
ज्वालेची उंची. रंग. धूर. वेळ.
लिहिलं : बंद, चार तास बारा मिनिटं.
शेऱ्यात एक शब्द लिहिला, खोडला,
पुन्हा तोच लिहिला, पुन्हा खोडला,
कागद फाटला तिथे.

अकरा बारा झाले आणि भडका उडाला.
गावाने हुश्श केलं.
खोटं कशाला सांगू, मीही.

परतीच्या वाटेवर खिशात
कापलेलं हिरवं सील टोचत होतं.
ते कुठल्या नमुन्याला जोडायचं,
पुस्तकात सापडलं नाही.
पाठ फिरवली तरी पाण्यावर तांबडं हलत होतं
बोटीच्या पुढेपुढे.
एबिकेमेने पेन मागितलं,
डिझेलची पावती करायची होती.
दिलं.